काचेतले तळे आणि पनवेलचे तलाव

पनवेल हे तलावांचे गाव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे आणि इस्रायल ही त्यांची नावे जुन्या पनवेलकरांच्या तोंडी पत्त्यासारखी असत. अमुक एकाचे घर कोणत्या तलावाकाठी, हे सांगितले की आळी कळे आणि आळी कळली की माणूसही कळे. इस्रायल तलावाचे नाव येथे राहिलेल्या बेने इस्रायल समाजाची आणि त्यांच्या सिनेगॉगची आठवण आजही जागी ठेवते. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. देशातील अगदी जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. २०१६ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. मधल्या काळात वाडे गेले, इमारती आल्या आणि तलावाकाठची कुटुंबे चौथ्या-पाचव्या मजल्यावर राहावयास गेली. पाणी नळातून येऊ लागले आणि तलाव रस्त्याच्या कडेची शोभा होऊन राहिले.

अशा या मजल्यांवरील घरांतून आता काही ठिकाणी दोन फूट लांबीची एक काचपेटी दिसते. तिच्यात मोठे सोनेरी मासे नाहीत, बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्याही नाही. हिरवीगार पाने आणि त्यांवरून फिरणारी बोटाच्या पेराएवढी तांबडी कोळंबी एवढेच तिच्यात असते. या पेटीला फारशी देखभाल लागत नाही, असे ती ठेवणारे सांगतात. पाहुण्यांना ते खरे वाटत नाही. परंतु ते खरे आहे आणि त्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात एक रसायनतज्ज्ञ आहे, त्याचा मुलगा आहे आणि चीनच्या डोंगरांतून पायी फिरलेला एक कॅथलिक धर्मगुरूही आहे. हा इतिहास नीट वाचला म्हणजे ध्यानात येते की, ही पेटी काही नवे यंत्र नव्हे. आपल्या तलावांनी जी रीत शतकानुशतके चालविली, तीच काचेत उतरविण्याचा हा प्रयत्न आहे. आणि ही रीत ज्याला कळली, त्याला आपले तलाव कशाने आजारी पडतात हेही कळल्यावाचून राहत नाही.

पाण्याची जुनी रीत

पाण्यात जीव पाळण्याची हौस आपल्या भूमीला नवी नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचे आहार आणि त्यांना गळाला लावण्याची कला यांचे वर्णन त्यात येते. राजाची गोष्ट राजापाशी. सामान्य माणसाचे मत्स्यालय म्हणजे त्याची विहीर आणि त्याचे तळे. विहिरीत कासव किंवा चार मासे सोडण्याचा प्रघात कोकणात जुना आहे. पुढे हिवतापाच्या बंदोबस्तासाठी आरोग्य खात्याने विहिरींत आणि टाक्यांत गप्पी मासे सोडावयास शिकविले, तेव्हा लोकांना त्यात अपरिचित असे काही वाटले नाही.

आपल्या वसईकर वाचकांना येथे बावखलाची आठवण होईल. वाडीच्या कडेला खोदलेले हे गोड्या पाण्याचे तळे पावसाळ्यात भरे, भूमीत मुरे आणि उन्हाळ्यात विहिरीला पाणी पुरवी. बावखलाला कोणी पंप बसविला नव्हता की गाळणी लावली नव्हती. काठावर झाडे, पाण्यात वनस्पती, तळाशी गाळ, गाळात किडे, किड्यांवर मासे आणि वर बगळा, अशी ती व्यवस्था असे. वर्षा-दोन वर्षांनी गाळ काढून वाडीत टाकला की माणसाचे काम संपले. बाकीचे काम पाणी स्वतःच करी. ते कसे करी, हे मात्र कोणी विचारले नव्हते. तो प्रश्न विचारला गेला सातासमुद्रापलीकडे, तोही एका अंधाऱ्या, धुराने भरलेल्या शहरात.

लंडनमधील प्रयोग

१७७१ साली जोसेफ प्रीस्टली यांनी इंग्लंडमध्ये एक साधा प्रयोग केला. मेणबत्ती जळून ज्या बंद भांड्यातील हवा निरुपयोगी झाली होती, त्यात पुदिन्याची फांदी ठेवली असता काही दिवसांनी ती हवा पुन्हा उपयोगी झाली. १७७९ साली यान इंगेनहाउस यांनी दाखवून दिले की, हे काम वनस्पतीचे हिरवे भाग करतात आणि तेही केवळ उजेडात. पाने पाण्यात बुडवून उन्हात ठेवली असता त्यांवर वायूचे बुडबुडे धरतात, हे त्यांनी पाहिले होते.

पन्नास वर्षांनी, १८२९ साली, लंडनच्या गोदी भागातील डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी पतंगाचा कोश ओलसर मातीसह एका बंद बाटलीत ठेवला. पतंगाचे काय झाले यापेक्षा वेगळीच गोष्ट त्यांच्या नजरेस पडली. बाटलीतील मातीतून नेचा आणि गवत उगवले होते आणि शहराच्या धुरापासून सुरक्षित राहून ते वाढत होते. बाटलीतील पाण्याची वाफ होई, काचेवर दव धरे आणि पुन्हा मातीत उतरे. यातून वॉर्ड यांची बंद काचपेटी निघाली. या पेट्यांचा आपल्या देशाशी निकटचा संबंध आहे. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची हजारो रोपे याच पेट्यांतून समुद्रमार्गे आणली आणि १८५१ साली ती हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांकडे गेली.

काच, वनस्पती आणि हवा यांचे हे नाते पाण्यात प्रथम नीट तपासले रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी. ते लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संघाचे रसायनतज्ज्ञ होते. १८४९ साली त्यांनी बारा गॅलनचे एक काचेचे भांडे घेतले. त्यात वाळू, खडे आणि थोडा चिखल घातला, व्हॅलिस्नेरिया नावाची फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान सोनमासे सोडले. आरंभी सारे ठीक चालले. मग जुनी पाने कुजू लागली, काचेवर हिरवा थर चढला आणि पाणी गढूळ झाले. एखाद्याने पाणी फेकून दिले असते. वॉरिंग्टन यांनी विचार केला की, तळ्यात कुजलेली पाने कोण खाते? त्यांनी चार-सहा पाणगोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने आणि शेवाळ खाल्ले, पाणी निवळले आणि गोगलगायींची अंडी माशांना खाद्य झाली. १८५० साली त्यांनी हा वृत्तान्त केमिकल सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध केला.

या प्रयोगातील तिसऱ्या प्राण्याचे महत्त्व आपण विसरू नये. वनस्पती आणि मासा यांची जोडी तोवर अनेकांच्या ध्यानात आली होती. परंतु साफसफाई करणारा, कोणाच्या नजरेत न भरणारा तो क्षुद्र जीव मध्ये आला, तेव्हाच ते भांडे तळे झाले. आज पनवेलच्या काचपेटीत हेच काम कोळंबी करते.

हौसेचा पूर

१८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकांचे 'द अ‍ॅक्वेरियम' हे सुंदर रंगीत चित्रांचे पुस्तक निघाले आणि हा शब्द घरोघरी गेला. गॉस हे अत्यंत धर्मनिष्ठ प्रॉटेस्टंट गृहस्थ होते. खडकांवरील डबक्यांत दिसणारी पुष्पासारखी जनावरे पाहून माणसाने निर्मात्याचे कौतुक करावे, एवढीच त्यांची इच्छा होती. घडले मात्र विपरीत. रेल्वेने समुद्रकिनारी जाणाऱ्या हौशी मंडळींनी टोपल्या भरभरून जीव उचलून आणले. त्यांतील बहुतेक आठवड्याभरात घरी मेले. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ साली लिहिलेल्या 'फादर अँड सन' या आत्मकथनात या किनाऱ्यांच्या उजाड होण्याची आणि त्यामुळे वडिलांना झालेल्या दुःखाची नोंद केली आहे. ज्या पुस्तकाने लोकांना सौंदर्य पाहावयास शिकविले, त्याच पुस्तकाने ते सौंदर्य लुटण्याची वाटही दाखविली. या हौसेच्या इतिहासातील हे पान प्रत्येक नव्या हौशी माणसाने वाचावे असे आहे.

हळूहळू काळ बदलला. विसाव्या शतकात घरोघरी वीज आली. हवा भरणारे पंप, पाणी गाळणारी यंत्रे आणि उष्णता देणाऱ्या नळ्या आल्या. आता पेटीत वनस्पती नसल्या तरी चालू लागले. यंत्राने हवा द्यावी, माणसाने दर आठवड्याला पाणी बदलावे, असा शिरस्ता पडला. आपल्याकडे मत्स्यालय म्हणताच आठवते ते मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय. डी. बी. तारापोरवाला या पारशी गृहस्थांच्या दोन लाखांच्या देणगीतून आणि सरकारच्या खर्चातून ते उभे राहिले आणि १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पनवेल, अलिबाग, वसई येथून शाळांच्या सहली तेथे जात. कित्येक मुलांनी जिवंत समुद्रजीव प्रथम पाहिले ते तेथेच. मात्र ती व्यवस्था मोठ्या यंत्रांची आणि नोकरवर्गाची होती. तिची नक्कल घरी करू गेलेल्या माणसाची पेटी सुट्टीत गावी जाऊन येताच हिरवी पडे, वीज गेली की मासे वर येऊन तोंड उघडीत आणि अखेर ती पेटी माळ्यावर जाई. वॉरिंग्टन यांचा धडा लोक विसरले होते.

बापाचा प्रश्न, मुलाचे उत्तर

खरे सांगावयाचे तर वॉरिंग्टन यांना स्वतःलाही अर्धाच धडा कळला होता. वनस्पती प्राणवायू देते हे त्यांनी जाणले. परंतु माशाच्या शरीरातून आणि कुजणाऱ्या पदार्थांतून जो अमोनिया पाण्यात उतरतो, तो विषारी असूनही मासे जगतात कसे? याचे उत्तर मिळण्यास पुढची पिढी यावी लागली आणि योगायोग असा की, ती पिढी त्यांच्याच घरची होती.

त्यांचा मुलगाही रॉबर्ट वॉरिंग्टनच. त्याचा जन्म १८३८ चा. म्हणजे बापाचे भांडे घरात ठेवले गेले तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा होता. मोठेपणी तो शेतीचा रसायनतज्ज्ञ झाला आणि इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील प्रसिद्ध शेती संशोधन केंद्रात काम करू लागला. अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर हे सूक्ष्म जीवांचे काम आहे, हे १८७७ साली फ्रान्समधील श्लेझिंग आणि म्युंट्झ यांनी दाखविले होते. धाकट्या वॉरिंग्टननी पुढील वर्षांत सिद्ध केले की, हे काम दोन पायऱ्यांनी होते. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी हे जिवाणू वेगळे काढून दाखविले. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य आणि वनस्पतींचे तर ते खतच.

काचपेटी नवी असताना त्यात जीव का टिकत नाहीत, याचे कारण येथे आहे. हे जिवाणू वाळूवर, मातीत, पानांवर सावकाश वस्ती करतात. त्यास चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून पेटी आणि मासे एकाच दिवशी आणणारा माणूस भिंती न बांधताच पाहुण्यांना राहावयास बोलावतो. पेटी दर आठवड्याला रिकामी करून घासूनपुसून लख्ख करणारा माणूस तर बांधलेले घर पुन्हा पुन्हा पाडतो. १९९९ साली अमेरिकेतील डायाना वॉल्स्टड यांनी लिहिलेल्या वनस्पतिप्रधान मत्स्यालयाविषयीच्या पुस्तकाने हा विचार नव्या पिढीसमोर स्पष्ट मांडला. तळाशी साधी माती, तीवर वाळूचा थर, भरपूर वनस्पती आणि मोजके जीव, ही त्यांची पद्धत म्हणजे वॉरिंग्टन बापलेकांच्या शोधांचा एकत्र उपयोगच होय.

फादर दाव्हिद आणि त्यांच्या नावाची कोळंबी

आता गोगलगायीच्या जागी कोळंबी कशी आली ते पाहू. जपानमधील छायाचित्रकार ताकाशी आमानो यांनी पेटीत पाणवनस्पतींचे बगीचे फुलविण्याची कला जगाला दिली. त्या बगीच्यांत शेवाळ माजू नये म्हणून १९८० नंतरच्या दशकात त्यांनी जपानच्या ओढ्यांतील एक कोळंबी वापरली. तिला आज हौशी मंडळी आमानो कोळंबी म्हणूनच ओळखतात. ही कोळंबी कामसू खरी, परंतु तिची पिले खाऱ्या पाण्यावाचून वाढत नाहीत. पनवेलकरांना हे सहज कळेल. आपल्या खाण्यातली गोड्या पाण्यातली मोठी कोळंबीही तशीच आहे. ती नदीत वाढते, परंतु तिच्या पिलांना खाडीचे मचूळ पाणी लागते. गाढी नदी आणि पनवेलची खाडी यांच्यासारखी गोड्या-खाऱ्या पाण्याची जोड तिच्या वंशासाठी आवश्यक असते.

घरगुती पेटीला सोयीची ठरली ती दुसरीच कोळंबी. ती मूळची चीन आणि तैवान भागातली. मादी पंचवीस-तीस अंडी पोटाखाली धरून महिनाभर वागविते आणि त्यांतून थेट लहानशी पूर्ण कोळंबीच बाहेर येते. खाऱ्या पाण्याची गरज नाही. निसर्गात ती मातकट, पारदर्शक असते. निवडक पैदास करून तिचे लाल, पिवळे, निळे प्रकार माणसाने काढले आहेत. हिचे शास्त्रीय नाव निओकॅरिडिना दाव्हिदी. यातील दाव्हिदी म्हणजे फादर आर्मां दाव्हिद.

फादर दाव्हिद यांचा जन्म १८२६ साली फ्रान्सच्या बास्क प्रांतातील एस्पलेत गावी झाला. संत व्हिन्सेंट द पॉल यांनी स्थापन केलेल्या मिशन संघाचे ते धर्मगुरू. १८६२ साली ते पेकिंगला गेले. निसर्गविज्ञानातील त्यांची गती पाहून पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने त्यांना नमुने गोळा करण्याचे काम सोपविले आणि त्यांच्या वरिष्ठांनी त्यास अनुमती दिली. मंगोलिया, सिचुआन आणि तिबेटच्या सीमेपर्यंत त्यांनी खडतर प्रवास केले. १८६९ साली त्यांनी पांडा या प्राण्याची ओळख पाश्चात्त्य जगाला करून दिली. पेकिंगजवळच्या बादशाही शिकारखान्याच्या भिंतीवरून डोकावून पाहिलेले एक अपूर्व हरीण आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ते हरीण १९०० च्या सुमारास चीनमधून नाहीसे झाले. परंतु इंग्लंडमधील एका उमरावाच्या उद्यानात त्याचा कळप जपला गेला आणि १९८५ साली त्याचे वंशज पुन्हा चीनमध्ये नेण्यात आले.

फादर दाव्हिद १९०० साली पॅरिस येथे निवर्तले. त्यांनी पाठविलेल्या हजारो नमुन्यांचा अभ्यास पुढेही चालू होता. १९०४ साली त्याच संग्रहालयातील बुव्हिए या शास्त्रज्ञांनी चीनमधील एका लहान कोळंबीला दाव्हिदी हे नाव दिले. मध्यंतरी हीच कोळंबी निरनिराळ्या नावांनी वावरली आणि २०१३ साली जर्मन अभ्यासकांनी ते जुने नाव पुन्हा पुढे आणले. पांड्यासारख्या राजस प्राण्याबरोबर ज्याला कोणी विचारीत नाही असा किडकासा जीवही या धर्मगुरूने जपून ठेवला. ज्याला निर्मितीविषयी आदर आहे, त्याच्या पिशवीत दोघांनाही जागा असते.

आपल्या मुंबई प्रांतातही ही परंपरा होती. सेंट झेवियर्स कॉलेजातील येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही अभ्यासकांचा आधार आहे. त्यांच्यानंतरचे फादर हर्मेनेगिल्ड संतापाव यांनी पनवेलहून बोरघाट चढला की लागणाऱ्या खंडाळ्याच्या वनस्पतींवर १९५३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. घाटातल्या कोणत्या रोपाचे नाव काय, हे अशा माणसांनी पायपीट करून सांगितले म्हणूनच कोणते रोप दुर्मीळ आहे, हे आज आपल्याला कळते.

पेटीची मांडणी

इतिहासातून जे निघाले ते व्यवहारात असे उतरते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचपेटी घ्यावी. तिच्यात सुमारे ५५ लिटर पाणी मावते. गंमत अशी की, वॉरिंग्टन यांचे बारा गॅलनही तेवढेच. पेटी खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नये. तळाशी शेणखत किंवा रासायनिक खत न घातलेली, चाळलेली बागेची माती एक इंच पसरावी. तीवर स्वच्छ धुतलेल्या नदीच्या वाळूचा दीड इंच थर द्यावा. खाडीची वाळू वापरू नये, तिच्यात क्षार असतात. पहिल्याच दिवशी भरपूर वनस्पती लावाव्यात. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला आपल्या हवेत जोमाने वाढतात. कोळंबीच्या पिलांना लपण्यासाठी पाण्यातल्या शेवाळीचा, म्हणजे मॉसचा, एखादा झुपका असावा.

नळाचे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवावे म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जातो. हे पाणी साठविण्यास तांब्याचा हंडा किंवा कळशी कदापि घेऊ नये. माणसाला हितकर मानलेले तांब्याचे पाणी कोळंबीला विष आहे. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण बागेत फवारले असेल, तर त्या हाताने पेटीत हात घालू नये. माशांच्या काही औषधांतही तांबे असते. दिवा रोज सहा-सात तास पुरे. त्याहून अधिक दिला तर शेवाळ माजते.

यानंतर थांबावे. चार ते सहा आठवडे पेटीत वनस्पती आणि फार तर दोन-चार गोगलगायी असाव्यात. हा काळ मुलांना फार जड जातो, परंतु न दिसणारी वस्ती याच काळात वसते. मग दहा-बारा कोळंबी सोडावी. खाद्य दोन-तीन दिवसांतून एकदा चिमूटभर, किंवा उकळत्या पाण्यातून काढलेले पालकाचे एक पान. अंगणातल्या देशी बदामाचे गळलेले सुके पान धुऊन टाकले तर त्यावर वाढणारा सूक्ष्म थर कोळंबी आवडीने खाते. उरलेले खाद्य संध्याकाळी काढून टाकावे. कोळंबी वाढताना कात टाकते आणि नव्या कवचासाठी तिला चुना लागतो. म्हणून धुतलेल्या शिंपल्याचा एक तुकडा पाण्यात असावा. टाकलेली कात मेलेली कोळंबी समजून फेकू नये, ती पुन्हा खाल्ली जाते.

पनवेलचा एप्रिल-मे ही खरी परीक्षा. पाणी तीस अंशांवर गेले की त्यातील प्राणवायू कमी होतो. पेटीचे झाकण काढून पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा आणि जेवढे पाणी उडेल तेवढे मुरविलेले पाणी हळूहळू भरावे. आठवड्याला एक-दोन तांबे पाणी बदलले तरी पुष्कळ होते. तो तांब्या मात्र स्टीलचा असावा. वीज गेली तरी या पेटीचे फारसे बिघडत नाही, कारण तिचा पंप म्हणजे तिची पाने.

एकूण पाहता हातांचे काम थोडे आहे, संयमाचे अधिक. जीव वाढविण्याची घाई न करणे, खाद्य न ओतणे, सतत न घासणे, यांवरच सारे अवलंबून असते.

काच आणि काठ

काचपेटीत मूठभर जास्त खाद्य पडले तर काय होते, हे घरातले मूल दोन दिवसांत पाहते. खाद्य कुजते, पाणी दुधाळ होते, शेवाळ चढते आणि जीव तडफडतात. तलावाचे दुखणे याहून वेगळे नाही. घरांचे सांडपाणी, निर्माल्य, साबणाचे पाणी हे सारे तलावाच्या दृष्टीने जास्तीचे खाद्यच. त्यावर जलपर्णी पोसते, ती उजेड अडविते, खालच्या वनस्पती मरतात आणि पाणी गुदमरते. पनवेलच्या वडाळे तलावाचे काठ महापालिकेने सुशोभित केले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु काठाची फरशी आणि पाण्याचे आरोग्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत येणारे सांडपाणी थांबते की नाही आणि तळातल्या मूळच्या वनस्पती व जीव शिल्लक राहतात की नाही, यावर तलावाचे आयुष्य ठरते. वसईत बुजविलेल्या बावखलांची कहाणीही हेच सांगते. ती बुजविली तेव्हा केवळ खड्डा बुजला नाही, विहिरींचे गोड पाणीही त्याबरोबर गेले.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. हौस फिटली, घर बदलले किंवा कोळंबी फार वाढली की कित्येक दयाळू माणसे पेटीतले जीव जवळच्या तलावात सोडून येतात. त्यांना वाटते, आपण प्राण्यांना मोकळे केले. इतिहासाचा अनुभव उलट आहे. १९२८ साली डासांच्या अळ्या खाण्यासाठी गॅम्बुशिया हा अमेरिकेकडचा मासा इटलीहून भारतात आणला. त्याने अळ्यांबरोबर इथल्या लहान माशांची अंडी-पिलेही फस्त केली. काच साफ करण्यासाठी विकला जाणारा दक्षिण अमेरिकेचा खवलेदार सकर मासा उजनी धरणात पोहोचला आणि तेथील मच्छीमारांच्या जाळ्यांना तापदायक झाला. फादर दाव्हिदांच्या नावाची ही गरीब कोळंबीही जर्मनीत एका ओढ्यात स्थायिक झाल्याचे २०१३ साली आढळले. तो ओढा वीजकेंद्राच्या गरम पाण्याने उबदार राहतो म्हणून ती तेथे टिकली. आपल्या तलावांचे पाणी तर बारमाही उबदार आहे. महाराष्ट्राच्या ओढ्या-तलावांत कॅरिडिना वंशाची बारीक, पारदर्शक कोळंबी पूर्वीपासून नांदते आहे. तिच्या घरात परकी, भराभर वाढणारी बहीण आणून सोडणे ही दया नव्हे. जास्त झालेले जीव दुसऱ्या हौशी घराला किंवा दुकानदाराला द्यावेत. पेटी मोडली तर तिच्यातील वनस्पतीही वाळवून टाकाव्यात, गटारात किंवा तलावात फेकू नयेत.

तसेच उलट दिशेनेही. पेटी सजविण्यासाठी घाटातले, पठारावरचे रोप उपटून आणू नये. साताऱ्याच्या पठारांवर वायतुरा नावाची सुंदर पाणवनस्पती आहे. १९८२ साली शास्त्रज्ञांनी तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आणि ती जगात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. अशी रोपे काचेत आणण्याच्या हौसेने काय होते, हे गॉस यांच्या किनाऱ्यांनी एकदा सांगून ठेवले आहे. दुकानात लागवड करून विकलेली रोपे घ्यावीत.

आज पनवेलची मुले तलावात पोहावयास जात नाहीत आणि त्यांच्या आया तेथे धुणे धूत नाहीत. तलावाशी असलेले हे रोजचे नाते संपले आहे, ते पुन्हा जुन्या रूपात येणार नाही. परंतु ज्या घरात दोन फुटांचे तळे आहे, तेथील मुलाला पाणी कशाने निवळते आणि कशाने नासते, हे पुस्तकावाचून कळते. उद्या हीच मुले प्रभागसभेत उभी राहतील, नगरसेवकाला प्रश्न विचारतील. तेव्हा काठावर किती दिवे लावले एवढेच विचारून ती थांबणार नाहीत. तलावात कोणाचे सांडपाणी येते, हेही ती विचारतील.